खंडेनवमीची आंघोळ

समाजमंदिराची किल्ली आम्रपालीबाईंनी अकरा वर्षांत एकदाच दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तीही वर्गातल्या सगळ्यात शहाण्या पोरीच्या. घोडं तिथंच पेंड खायचं होतं.

इस्लामपूरपासून एसटीनं अर्ध्या तासावरचं गाव. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिरात बाई फुकट गाणं शिकवायच्या. पहिली पाच वर्षं वस्तीतलीच चार-सहा पोरं यायची. उसाच्या मळ्यातली माणसं आपली पोरं तिकडं धाडत नव्हती. का, ते कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. मग एक दिवस सुभेदारकीवरून निवृत्त झालेले हंबीरराव नातीचं बोट धरून दारात उभे राहिले.

"आवं बाई, हिचा गळा बरा हाय म्हंत्यात. बघा काय हुतंय का."

म्हातारा चप्पल काढून तासभर सतरंजीवर बसून राहिला. पुढच्या महिन्यात वर्गात सतरा पोरं झाली. म्हणजे साक्षी ही नुसती शिष्या नव्हती, तिच्यामुळं गाव आत आलं होतं.

वर्गाचा संसार म्हणजे एक पेटी, तबल्याच्या दोन जोड्या आणि मिरजेचा तानपुरा. तो तानपुरा बाईंनी एसटीत भोपळ्याला शाल गुंडाळून मांडीवर घेऊन आणला होता, तान्ह्या लेकरासारखा. वाद्यं पुसायला त्यांनी कधी कुणाला दिली नाहीत. सूर पोरांना दिले, फडकं मात्र स्वतःच्या हातात ठेवलं. ही चूक त्यांना फार उशिरा कळली.

यंदा वस्तीतल्या तरुणांना समाजमंदिरात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करायची होती. त्यांचं चुकत होतं असं कसं म्हणणार? बाईंनी दिवाळीला जागा रिकामी करायचा शब्द दिला. मग एकच वाट उरली. गावोगावच्या कलावर्गांना हात देणारी सांगलीची एक समिती दसऱ्यानंतरच्या सोमवारी वर्ग बघायला येणार होती. तिनं पसंत केला तर शाळेत खोली आणि वेळापत्रकात गाण्याचा तास मिळणार होता. नाहीतर वर्ग बंद.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचा बाईंचा नेम होता. आईनं तसं वचनच घेतलं होतं. मिरजेहून नागपूरची गाडी धरण्याआधी त्यांनी साक्षीला किल्ली दिली.

"रोज भूप घोटा. आणि वाद्यांना जीव लाव, बाळ."

"लावते की, बाई."

आणि लावला तिनं. बाईंच्या घरात तीन पिढ्यांत हत्यारपूजा नव्हती, त्यामुळं मधे खंडेनवमी येते हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मळ्यात त्या दिवशी विळे, कोयते, पहारी, मोटारसायकली, ट्रॅक्टर, सगळं पाण्यानं लख्ख धुतात आणि हळदीकुंकू लावून झेंडू वाहतात. साक्षीच्या मनात आलं, घरातल्या खुरप्यालासुद्धा वर्षाची पूजा मिळते, मग आपल्या पेटीनं काय घोडं मारलंय? त्यात समिती यायची. पोरांनी सगळी वाद्यं अंगणात मांडली. ट्रॅक्टर धुवून झालेला पाइप नळाला लावला, आणि मग सगळं उन्हात वाळत घातलं.

बाई शनिवारी परतल्या, तर पोरं दारात ओळीनं उभी.

"बाई, बघा कशी लख्ख केल्यात," साक्षी म्हणाली. तिचं हसू ओठात मावत नव्हतं.

तानपुऱ्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती. भोपळा सांध्यातून सुटला होता आणि त्याला उभी चीर गेली होती. तबल्यांची शाई पापुद्र्यांनी निघत होती. पेटीचा भाता हलवला तर नुसती हवा फुसफुसली. कुणाला बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बाईंनी "छान केलंत" म्हणायला तोंड उघडलं, पण हात आपसूक भोपळ्याच्या चिरेवर गेला. साक्षीनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग तानपुऱ्याकडं, आणि तिला सगळं कळलं. ती तशीच घरी निघून गेली.

मिरजेच्या कारागिरानं फोनवर सांगितलं, "महिना लागंल, बाई. आन पयला आवाज काय यायचा न्हाई."

सोमवारी समितीची दोन माणसं आली. भली होती, चहा घेतला, पोरांची नावं विचारली. पोरं पेटी-तानपुऱ्याच्या सुराशिवायच गायली आणि प्रत्येकाचा षड्ज वेगळ्या गावाला गेला. साक्षी उभी राहिली, पण तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. 'वाद्ये सुस्थितीत आहेत का' या रकान्यात त्यांना 'नाहीत' लिहावं लागलं. त्यांनी खोटं का लिहावं?

"पुढच्या वर्षी बघू," जाताना ते म्हणाले.

संध्याकाळी हंबीरराव आले आणि दारातच उभे राहिले.

"नुसकान आमच्या पोरीनं केलंय. भरून देतो."

"वाद्यं भरून निघतील, सुभेदारसाहेब. खोली कुठनं आणायची? साक्षीला तेवढं पाठवा."

"ती न्हाई यायची. घरात सुद्धा गुणगुणत न्हाई आता. लय लागलंय तिला." म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "मीच आनली हुती हितं. नसती आनली तर बरं झालं असतं."

बाईंना हे वाक्य समितीच्या नकारापेक्षा जास्त लागलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी त्या सामान आवरायला बसल्या. पेटीच्या पट्ट्यांवर हळदीकुंकवाची बोटं वाळली होती. ओलं फडकं घेतलं आणि त्यांचा हात थांबला. बोटं सगळ्या पट्ट्यांवर नव्हती. सा, रे, ग, प, ध. मध्यम कोरा, निषाद कोरा. भूप रागात हे दोन सूर लागतच नाहीत. तिन्ही सप्तकांत तसंच, एकही चूक नाही. पोरीनं पूजेतसुद्धा भूप मोडला नव्हता. अकरा वर्षांत बाईंना असा शिष्य एकच मिळाला होता, आणि त्याच पोरीचं गाणं बंद पडलं होतं.

त्यांनी षड्जाची पट्टी दाबली. लाकूड फुगलं होतं. पट्टी खाली गेली ती वर आलीच नाही.

दारात वस्तीतली पोरं अभ्यासिकेची टेबलं घेऊन ताटकळली होती.

"बाई, आत घिऊ का?"

"घ्या," बाई म्हणाल्या, आणि पेटी न पुसताच त्यांनी झाकण लावलं.