कुलपातल्या गोळ्या

फार्मसी कॉलेजला अर्ज करण्याआधी औषधांच्या दुकानात काम करून बघ, ही कल्पना बाबांची. "चार वर्षं घालवायची तर आधी बघ तरी, जमतंय का." पाठदुखीने ते अंथरुणाला खिळले होते, पण कॉलेजला जाणारी मुलगी बघायची त्यांना भारी घाई.

मी सहा दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव आहे का? "अहो, तोच तर घ्यायला आलेय!" असं सहाव्या ठिकाणी तोंडातून निसटलं आणि तिथलंही दार बंद झालं. सातव्या दुकानातल्या फार्मासिस्ट बाईंनी काही विचारलंच नाही. गोळ्यांचं खोकं पुढ्यात सरकवलं. "मुदत संपलेल्या वेगळ्या काढ." दोन तासांनी म्हणाल्या, "उद्यापासून ये."

त्यांची एक पद्धत होती. डॉक्टरांची चिठ्ठी मी मोठ्याने वाचायची, औषध त्या काढणार. मग पाकिटावरचं नाव त्या वाचणार आणि मी चिठ्ठीशी ताडून बघायचं. पाढे म्हटल्यासारखं वाटून मला आधी हसूच यायचं.

एका दुपारी आई दुकानात आली. माझी जेवायची सुट्टी साधून आली होती बिचारी, पण त्या दिवशी मी लवकर जेवले होते. मला बघून तिचा चेहराच उतरला. नेहमीचं लांबचं दुकान बंद होतं, एवढंच पुटपुटली. चिठ्ठी मुठीत घट्ट.

"बाबांच्या पाठीची ना? दे की," म्हणत मी ती ओढूनच घेतली. दीडशहाणी कुठली!

पहिलं औषध मळमळीचं. दुसरं पोट साफ होण्याचं. तिसरं मॉर्फीन. बाईंनी किल्ली काढून कुलूपवाला कप्पा उघडला.

"रजिस्टर घे."

त्या कप्प्यातलं काही द्यायचं तर पेशंटचं नाव, पत्ता, आजार लिहावा लागे. नाव लिहिलं. पत्ता लिहिताना माझ्याच घराचा क्रमांक चुकला. आजाराच्या रकान्यापाशी हात थांबला.

"पाठदुखी लिहू?" मी आईला विचारलं.

आई रडायलाच लागली. "कॅन्सर आहे गं. तुझा प्रवेश होईपर्यंत सांगायचं नाही, अशी शपथ घातली त्यांनी."

मला तिचा भयंकर राग आला. खरं तर स्वतःचाच. दिवसभर लोकांची दुखणी वाचणाऱ्या मला घरातलं दुखणं दिसू नये?

औषध कसं घ्यायचं हे समजावणं बाईंचं काम, मला त्याची परवानगी नव्हती. त्या दिवशी त्यांनी पाकीट माझ्याच हातात ठेवलं. "घरी जा. तू सांग."

बाबांच्या पलंगाशी बसून मी सांगितलं. "सकाळी एक, रात्री एक. चावायची नाही, अख्खी गिळायची. दुखायची वाट बघायची नाही." माझ्याकडे बघून त्यांना काय ते कळलं. आईवर डाफरले नाहीत. शहाण्या पेशंटसारखे मान डोलावत राहिले.

"किती दिवस घ्यायच्या?"

"डॉक्टर सांगतील तोवर."

"म्हणजे तुझं कॉलेज सुरू होईल तोवर चालतील?"

कॉलेज सुरू व्हायला पाच महिने होते. डॉक्टरांनी दोन सांगितले होते, हे आई वाटेत बोलली होती.

"चालतील, बाबा," मी चादरीकडे बघत म्हटलं.

बाबा हसले. "पेशंटशी खोटं बोलताना डोळ्यांत बघायचं असतं गं," म्हणाले आणि पाण्यासाठी हात पुढे केला.