ओण कज्जी

मळमड्डीतल्या त्या गल्लीत जन्मलेलं एखादंच पोर असेल, ज्याला अंबूताईने पायांवर घेऊन न्हाऊ घातलं नाही. तेल चोळायचं, डाळीचं पीठ लावायचं, पालथं घालून पाठीवर पाणी सोडायचं, शेवटी धुरी द्यायची. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली. भाऊ गेला, आता भाच्याचं राज्य. भाचा श्रीहर्ष, त्याची बायको भाग्यलक्ष्मी. परत आलेल्या बाईला कुणी फुकट पोसत नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. बसून खाते असं तिला कधी कुणी म्हटलं नाही, ते या पायांमुळे.

आणि म्हातारपणी त्याच पायांना खाज सुटली.

नडगीवर खवले आले. नखं ओढली की पांढऱ्या रेघा उमटायच्या. हातांवर नुसता धक्का लागला तरी जांभळे डाग पडायचे. भाग्यलक्ष्मीची लेक वेदश्री बाळंतपणाला माहेरी येणार होती, म्हणून भाग्यलक्ष्मीने आत्यांना आधी गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर फोनवर बोलत होता. बोलता बोलता पायांवर एक नजर टाकली आणि म्हणाला, “एन इल्ल री अज्जी. वयस्साग्येद. ओण कज्जी अष्ट.”

काही नाही, वय झालंय, कोरडी खाज आहे एवढंच. डॉक्टरच्या कन्नडात अंगाला जे खाजेल ते सगळं कज्जी. भाग्यलक्ष्मीच्या मराठीत कज्जी म्हणजे खरूज. शाळेत ज्या पोरीला कज्जी झाली तिच्या बाकावर कुणी बसत नसे, आणि ते बाक तिला अजून आठवत होतं. कन्नड तिला घडाघडा येत होतं, तरी ओण, म्हणजे कोरडी, हा शब्द कानाबाहेरच राहिला. कज्जी तेवढी घरी आली.

मग सुरू झाली सेवा. सेवाच म्हणायची, कारण करणाऱ्याला तसंच वाटत होतं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, खाट मागच्या पडवीत. जंतू मारणारा लाल साबण, सकाळ-संध्याकाळ कढत पाणी. वर गंधकाचं मलम. अंग आणखी वाळलं, भेगा पडल्या. भाग्यलक्ष्मी म्हणाली, “बघा, पसरतंय की.” आणि साबण अजून जोरात घासला गेला. ज्याने कातडं सोललं जात होतं तेच औषध, आणि म्हातारी गप्प. कारण बरी झाली तर बाळ मिळणार होतं.

बाळ आलं, मुलगी. न्हाऊ घालायला राधा नावाची बाई लावली. अंबूताई पडवीत बसून नुसतं ऐकायची. पोर कोणत्या रडण्याने रडतंय, ते तिला भिंतीपलीकडून कळायचं.

“अगं, आधी पोटाला चोळ, मग पालथी घाल,” ती तिथूनच म्हणायची.

“सुरू झाली बघा आकाशवाणी,” राधा हसायची.

“आत्या, तिथूनच बोला हं, उंबऱ्याच्या आत नको,” भाग्यलक्ष्मी म्हणायची. तीही हसायची.

एक दिवस वेदश्रीने बघितलं, अज्जी नारळाच्या काथ्याने पाय घासत बसलीय आणि काथ्या लाल झालाय. ती तिला रिक्षात घालून थेट हुबळीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी पाय मांडीवर घेतला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी अंबूताईला हात लावला होता.

“खरूज? कोण म्हणालं? अंगातलं तेल आटलंय यांच्या. म्हातारपणी कातडी वाळते, पातळ होते. आणि वरून हा साबण? सोलून काढलंय की तुम्ही यांना.”

वेदश्रीने मान खाली घातली. “मग बाळाला घेतलं तर चालेल?”

“घेऊ दे की. हे कुणाला लागत नाही. पण आधी ही कातडी भरून येऊ दे. कोमट पाणी, साबण बंद, ओल्या अंगालाच तेल.”

घेऊ दे की. अंबूताईला एवढंच ऐकू आलं. त्या दिवशी भाग्यलक्ष्मीला जसं कज्जी तेवढं ऐकू आलं होतं, तसंच. परतताना वाटेतलं रायापूर येईपर्यंत ती रिक्षात पाय लांब करून बघत होती, बाळ ठेवायला जुळतात का नीट.

दुसऱ्या दिवशी राधा यायच्या आधीच ती न्हाणीत पाटावर बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत, पाय पसरलेले. “आण गं तिला.”

भाग्यलक्ष्मी दारात घुटमळली. “आत्या, दोन दिवस जाऊ द्यात की.”

“आई, नाही लागत म्हणाल्या ना त्या,” म्हणून वेदश्रीने बाळ पायांवर ठेवलं.

हात काही विसरले नव्हते. पोटाला तेल, मांड्यांना तेल. पोर रडायचं थांबून बघत राहिलं. अंबूताईने तिला पालथी केली, पाणी सोडलं, आणि पोरीने सुखाने पाय झाडले. इवलासा अंगठा नडगीवर घासला. म्हातारीची कातडी ओल्या कागदासारखी फाटली. तिला कळलंही नाही. ती पाणी ओततच राहिली, आणि रक्त पोरीच्या पोटाखालून, मांडीवरून, पाटावर आलं.

वेदश्रीने पोर उचललं. उचललं कसलं, ओढलं. उलटीपालटी करून बघितलं. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता.

“माझंच आहे गं ते,” अंबूताई म्हणाली. “तिचं नाही.”

“कळलं अज्जी,” वेदश्री म्हणाली, आणि पोरीला घेऊन आतल्या नळाखाली गेली. पोरीचं अंग ती साबण लावून पुन्हा पुन्हा धूत राहिली. लागत नाही हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

बाहेर राधा आली. तिचा आवाज, मग दुसरा पाट मांडल्याचा आवाज. भाग्यलक्ष्मी फडकं घेऊन आली आणि फरशी पुसू लागली. अंबूताईच्या पायांच्या कडेकडेने पुसत गेली. आत नळ अजून वाहतच होता, अंबूताई तेच ऐकत होती.

“भाग्या, तो लाल साबण कुठं ठेवलास?”

“आत्या, डॉक्टर नको म्हणाल्या की.”

“दे.”

भाग्यलक्ष्मीने खिडकीतून काढून दिला.