गिटारीचा कोंडवाडा

बेबी रांगायला लागली आणि त्याच आठवड्यात राधाकृष्णनं घरात गिटारी बनवायचा कारखाना काढायचं ठरवलं. प्रमिलाची झोप उडाली. निम्मी काळजीनं, आणि निम्मी, हे तिनं कुणाजवळ कबूल केलं नसतं, आनंदानं.

झालं होतं असं. राधाकृष्ण नगरच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे लाकडी नमुने करायचा. हात सुताराचा, घराणं सुताराचं. मिशनच्या शाळेतल्या साळवे सरांनी मान मोडलेली गिटार त्याच्याकडे दुरुस्तीला आणली. त्यानं मान बसवण्यासाठी पाठीची फळी उचलली, आत डोकावला आणि तिथंच हरवला.

"अगं प्रमिला, आत काहीच नाही! चार काड्या आणि हवा! एवढ्यावर एवढा आवाज?"

सर हसत म्हणाले, "नाताळच्या आत नवी करून द्या. आमच्या गायनमंडळात आणखी चौघं घ्यायला बसलेत. मुंबईहून आणवायची म्हणजे वाट बघून केस पिकतात."

झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेवगावहून सासरे आले. ते बहात्तर साल. पाऊस नाही म्हणून पेरणी नाही, पेरणी नाही म्हणून औत नाही की गाडी नाही; रंगनाथ सुताराला गावात काम उरलं नव्हतं. एका खांद्यावर हत्यारांची पेटी आणि दुसऱ्या खांद्यावर वाकळेत गुंडाळलेली शिसवाची फळी घेऊन ते एस.टी.तून उतरले. वीस वर्षं जपलेली फळी. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट मागितलं, असं ते पुढं महिनाभर येईल त्याला सांगत होते.

भिंगारमध्ये घरमालकीण छबूबाईंच्या जागेत राधाकृष्ण-प्रमिलाच्या दोन खोल्या. मागची स्वयंपाकाची, पुढची बाकी सगळ्याची. पुढच्या खोलीत कारखाना. फॅक्टरीत परदेशी यंत्र आलं होतं, त्याच्या खोक्याच्या फळ्या राधाकृष्णनं भंगारातून निवडून आणल्या. त्यातली एक पांढरट, सरळ रेघांची. सासऱ्यांनी ती कानाशी धरली आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. टण्ण.

"बोलतंय की रं हे! खोक्याला घातलं व्हय असलं लाकूड? लई पैसेवाली दिसत्यात मानसं."

आणि मानेवरचे पडदे, सूर बदलणाऱ्या त्या आडव्या पट्ट्या? ते किती अंतरावर बसवायचे? राधाकृष्ण जुन्या गिटारीवर दोरा धरून माप घ्यायला लागला, तशी प्रमिलानं त्याच्या हातातला दोरा काढून घेतला. बी.एस्सी.ला तिचा विषय पदार्थविज्ञान. ट्रंकेच्या तळाशी लॉगची पुस्तिका होती, लग्नानंतर प्रथमच ती बाहेर आली. तारेच्या लांबीचा लॉग, दर पडद्याला त्यातून ठरावीक वजाबाकी, की झाला पुढचा पडदा. बेबीला मांडीवर थोपटत तिनं एकोणीस आकडे काढले. बाराव्या पडद्याशी तार बरोबर अर्धी झाली तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं "आली!" म्हणून ओरडली की बेबी दचकून उठली.

सासरे तो कागद उलटासुलटा बघत म्हणाले, "सूनबाई, ही पत्रिका गिटारीची व्हय? मंगळ तर न्हाई ना?"

एवढं सगळं जुळून आलं, अडलं ते जमिनीवर.

सुतार बसतो जमिनीवर. त्याची हत्यारं जमिनीवर. आणि नऊ महिन्यांची बेबीही जमिनीवरच. प्रमिलाला उठता-बसता पटाशीचं ते दीड इंची पातं दिसायचं, आणि त्याकडे सरकणारा गुबगुबीत हात. भात ढवळताना कान पुढच्या खोलीत. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "मामंजी, रागावू नका. जमिनीवर एकसुद्धा हत्यार दिसता कामा नये. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेत उंच टेबलं होती. तसं टेबल करा, उभ्यानं काम करा."

"उभ्यानं?" सासऱ्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. अंगठे बाहेर वळलेले, टाचा दगडासारख्या. "पोरी, हे पाय म्हंजे माझा शिकंजा हाय. चाळीस वर्सं लाकूड पायानं धरलंय, हातानं तासलंय. उभं ऱ्हायलं तर धरायचं कशानं, दातानं?"

पण सुनेचा शब्द त्यांनी मोडला नाही. कंबरेइतकं टेबल झालं. भक्कम, देखणं. त्यापुढं सासरे अर्धा तास उभे राहिले. मग त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि प्रमिला आतून चहा घेऊन आली तेव्हा ते टेबलावर चढून मांडी घालून बसले होते. शिसवाची पट्टी पायाच्या दोन्ही अंगठ्यांत, हातात रंधा, डोकं विजेच्या दिव्याला लागलेलं.

राधाकृष्ण हसून लोळायचा बाकी राहिला. "आबा, देव्हाऱ्यात बसल्यासारखे दिसताय!"

"मग फुलं वाहा की."

प्रमिलाही हसली. हसता हसता कप खाली ठेवायला वाकली, आणि त्याच वेळी सासऱ्यांच्या गुडघ्याचा धक्का लागून टेबलाच्या काठावरची पटाशी सुटली. शेणानं सारवलेल्या जमिनीत ती खचकन उभी रुतली. बेबी तिथून वीतभर दूर बसली होती. तिनं पटाशीच्या थरथरणाऱ्या मुठीकडे पाहिलं आणि खुदकन हसली.

प्रमिलानं बेबीला उचललं, एवढं घट्ट की ती कळवळली.

"बास. उद्याच्या उद्या हे सगळं घराबाहेर."

घराबाहेर म्हणजे कुठं? सगळ्यांना ठाऊक होतं: दुसरी जागा नव्हती. कारखाना घराबाहेर म्हणजे कारखानाच नाही. पेटी शेवगावला, फळी वाकळेत, आणि सरांना सांगायचं, की जमत नाही.

सकाळी सासरे मुकाट्यानं हत्यारं पेटीत ठेवत होते. राधाकृष्णनं भिंतीवरून एकोणीस आकड्यांचा कागद काढला, घडी घालायला गेला आणि घातलीच नाही. तसाच हातात धरून बसला. प्रमिलाला वाटलं, त्यानं भांडावं. भांडला असता तर सोपं गेलं असतं. ती बेबीला भरवत होती आणि मनात एकच चाललं होतं: मीच मारतेय. ज्या गोष्टीनं दीड वर्षात पहिल्यांदा माझी लॉगची पुस्तिका उघडली, ती मीच मारतेय.

"थांबा जरा," ती म्हणाली. "खोक्याच्या पट्ट्या उरल्यात ना? कठडा करा. चारी बाजूंनी. बेबीला आत ठेवू, तुम्ही बाहेर जमिनीवर बसा."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. दुपारपर्यंत दोन फूट उंचीचा कठडा उभा राहिला. एकाही पट्टीला कुसळ नाही, कोपरे गोल घासलेले. बेबीला आत ठेवलं. तिनं चारी बाजूंना पाहिलं आणि असा टाहो फोडला की छबूबाई पीठ मळल्या हातांनी धावत आल्या.

"अगं बया! पोरीला कोंडवाड्यात घातलीस व्हय गं? कुनाच्या पिकात शिरली हुती?"

"अहो छबूबाई, हत्यारं असतात…"

"मग हत्यारवाल्यांना कोंड की! तिनं काय केलंय?"

सासरे मान हलवत उठले. त्यांनी बेबीला उचलून बाहेर सोडलं, धोतर सावरत कठड्यावरून टांग टाकली आणि आत बैठक मारली. "बराबर हाय. चुकार जनावरं आमीच. राध्या, पेटी दे. आन् वैरन टाकायला इसरू नका."

त्यांनी केली ती थट्टा. छबूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. प्रमिला हसली नाही. ती कठड्याकडे बघत होती, आतल्या सासऱ्यांकडे, बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या बेबीकडे, आणि तिचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"अहो," ती म्हणाली, "कठडा मोठा करा. दोन माणसं बसतील एवढा. नाही, तीन!"

तिथून पुढं त्या घरात जे सुरू झालं त्याला कामापेक्षा जत्रा म्हणणं बरं. खोलीच्या कोपऱ्यात आठ फूट बाय सहा फुटांचा कोंडवाडा. आत माणसं, हत्यारं, भुसा. बाहेर बेबीचं राज्य. बाहेर येताना कपडे कठड्याच्या आतच झटकायचे, हा प्रमिलाचा कायदा. लाकूड चिकटवायचा वासाडा सरस अंगणातच उकळायचा, हा छबूबाईंचा. टेबल गेलं स्वयंपाकघरात. त्यावर स्टोव्ह चढला आणि प्रमिला उभ्यानं भाकरी थापायला लागली. चहा कठड्यावरून आत जायचा. बेबी कठड्याला वेढे घालत फिरायची, पट्ट्यांच्या फटीतून चमचा आत टाकायची आणि आजोबांनी तो परत दिला की पुन्हा टाकायची. शेजारपाजारचे उगाच डोकावून जायचे, "काय, जनावरं सोडवायला दंड किती?"

आतल्या बारीक पट्ट्या सरसानं चिकटवायच्या होत्या. त्या धरून ठेवायला एवढे शिकंजे कुठून आणायचे? प्रमिलानं वाळत घालायच्या दोरीवरचे सगळे लाकडी चिमटे आणून ओतले. त्या दिवशी लंगोट दोरीवरून उडून दोनदा गल्लीत गेले.

राहिल्या गिटारीच्या कमरेच्या दोन बाजू. शिसवाच्या पातळ पट्ट्या भिजवायच्या, निखारे भरलेल्या लोखंडी नळीवर तापवून वळवायच्या आणि गरम असतानाच लाकडी साच्यात दाबून धरायच्या. पाणी तर टँकरचं, दिवसाआड. पट्ट्या भिजल्या त्या बेबीच्या अंघोळीच्या पाण्यात. फळीतून चारच पट्ट्या निघाल्या होत्या. पहिली काडकन मोडली. दुसरीही.

"गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतो आमी," सासरे तिसरी हातात घेत म्हणाले. "तापली की घाई न्हाई करायची, पन ढिलाई बी न्हाई. तिघं मिळून दाबायचं. सूनबाई, ये आत."

"मी?"

"तीन मानसं तूच म्हनलीस नव्हं?"

बेबीला छबूबाईंच्या मांडीवर देऊन तिनं पदर खोचला आणि पहिल्यांदाच कठड्यावरून टांग टाकली. तिसरी पट्टी वाफ सोडत वळली, साच्यात बसली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही, इतका धाक. ती निवली, शिकंज्यात कसली, आणि लगेच चौथी नळीवर चढली. शेवटची.

राधाकृष्ण वरच्या टोकाला, सासरे खालच्या, प्रमिला मधल्या खोल वळणावर, फडक्यातून दोन्ही तळहात रेटून. पट्टी साच्यात उतरली. सोडली तर उसळून फुटणार. निवेपर्यंत धरायची.

आणि बाहेरून आरोळी आली, "टँकर आला! टँकर!"

"अगं बाई!" छबूबाईंनी बेबीला जमिनीवर ठेवलं, हंडा उचलला आणि गेल्या. दार सताड उघडं. दाराबाहेर दोन उंच पायऱ्या, खाली दगड.

बेबीनं दाराकडे पाहिलं. उजेड, गलका, घागरींचा आवाज. तिनं हात पुढं टाकला, गुडघा पुढं टाकला.

"बेबी! इकडे बघ! ए बेबी!" प्रमिला ओरडली.

राधाकृष्ण तिच्याकडे न बघता म्हणाला, "सोड. जा तू. मोडू दे."

तिचे हात सुटायलाच आले होते. तेवढ्यात टण्ण असा आवाज झाला. सासऱ्यांचे हात पट्टीवरच होते. त्यांनी डावा पाय लांब करून भिंतीला टेकवलेल्या त्या पांढऱ्या फळीवर टाच हाणली होती. टण्ण. टण्ण टण्ण.

"देवा माफ कर, बोलत्या लाकडाला लाथ मारतूय," ते पुटपुटले आणि पुन्हा हाणली.

बेबी थांबली. वळली. दाराकडे एकदा पाहिलं, फळीकडे एकदा. मग भराभरा रांगत आली, दोन्ही हातांनी कठड्याची पट्टी धरली, डोलली, ढुंगण उचललं आणि उभी राहिली.

उभी! कुणी धरलेलं नाही, कुणी शिकवलेलं नाही. हनुवटी कठड्याच्या वरच्या पट्टीवर टेकवून ती आत बघत होती: आई, बाप, आजा, तिघं वाकलेले, घामाघूम, कुणालाच हात हलवता येईना.

"अहो, बघा ना! उभी राहिली! अहो!"

"बघतोय, बघतोय! तू हात ढिले सोडू नकोस!"

"नाही सोडत!"

प्रमिला रडत होती की हसत होती, तिचं तिला कळेना. बेबीनं एक हात सोडून हवेत नाचवला, धपकन बसली, ओठ काढले, आणि कुणीच उचलायला येत नाही म्हटल्यावर पुन्हा पट्टी धरून उभी राहिली. सासरे टाचेनं ताल धरतच होते, आता गरज नसतानाही.

पट्टी निवली. शिकंजा कसला. दोन बाजू समोरासमोर ठेवल्या तेव्हा मधे ती कंबर दिसली. मग प्रमिला एका ढांगेत बाहेर गेली, आधी दाराची कडी लावली, मग बेबीला उचलून तिच्या पायांचे मुके घेत सुटली.

सासरे कठड्यापाशी येऊन वरच्या पट्टीवर बोट ठेवून उभे होते.

"हनुवटी हितवर आली गं पोरीची. आता दोन फुटांत भागायचं न्हाई. किती वाढवू?"

"वीतभर. आजच."

"आन् येत्या वर्साला? तवा तर ही टांग टाकून आत यील."

"येत्या वर्षी आणखी वाढवू."

राधाकृष्णनं मान वर केली. "म्हणजे कारखाना येत्या वर्षीही इथंच?"

"मग?" प्रमिलानं बेबीला कडेवर घेतलं. "दर गिटारीचे पडदे मोजायला मला काय शेवगावच्या एस.टी.नं बोलावणार होता?"