जया हलली की दिवा

सुभद्राला लहानपणी मुदतीचा ताप आला आणि जाताना तो दोन्ही कान घेऊन गेला. बोलायची ती छान. समोरचा काय म्हणतो ते ओठांवरून ओळखायची. सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत तिचा संसार मजेत चालला होता. पण लेक जया रांगायला लागली आणि सुभद्राच्या जिवाला घोर लागला. चुलीपुढे बसलं की पलीकडच्या खोलीत पोर काय करते, हे कळायला मार्गच नव्हता.

एका दुपारी पोळ्या आटोपून ती वळली, तर शेजारची जिजाबाई दारात उभी. कडेवर जया, गुडघे चिखलाने माखलेले. पोर पार घरामागच्या सांदवाडीतल्या पाण्याच्या टाक्यापर्यंत पोचली होती.

ही गोष्ट सासरच्या गावी, हुडकेश्वरला पोचायला वेळ लागला नाही. सासूबाई, रुखमाबाई, पिशवी घेऊन हजर झाल्या.

"पोरीले मी गावाले घेऊन जातो," त्या म्हणाल्या. "चालाले-बोलाले लागली का आणून देईन. तुले ऐकू येत नाही, त्यात तुहा काय दोष वं? पण पोरीचं काही बरंवाईट झालं तर?"

सुभद्राने जयाला घट्ट धरलं. सासू वाईट बोलली नव्हती, म्हणूनच तिला उलटून बोलता येईना.

तिचा नवरा रुपराव विजेच्या मोटारींना तारा गुंडाळून देणाऱ्या दुकानात कामाला होता. रात्रभर तो कूस बदलत राहिला. सकाळी उठल्याउठल्या सुभद्रासमोर बसून म्हणाला, "आपण जमिनीलेच कामाले लावू. पोरगी हलली का जमीन तुले सांगन."

"जमीन? मले? मी कोणाचंच ऐकत नाही, जमिनीचं काय ऐकू?"

"ऐकाचं नाही, पाहाचं!"

त्याने तेलाचे रिकामे पिपे कापले, पत्रे ठोकून सपाट केले. खाली एक पत्रा, वर एक पत्रा, मधे सायकलच्या ट्यूबच्या चकत्या. पाय पडला की पत्रे एकमेकांना टेकणार आणि बॅटरीच्या सेलवर चुलीजवळचा बारका लाल दिवा लागणार. खोलीभर असे पत्रे मांडून वर सतरंजी अंथरली. रुपराव चालला, दिवा लागला. सुभद्राने टाळी वाजवली. मग जयाला सोडलं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगली, दिव्याने डोळासुद्धा उघडला नाही.

"पोरगी हलकी पडते," रुपराव खट्टू झाला. "ट्यूब दबतच नाही."

सासूबाई पिशवीत जयाची झबली भरू लागल्या. सुभद्रा मात्र पत्र्यांपाशी बसून बोटाने दाबून बघत होती. एकदम उठली, जुन्या गोधडीतला झिजलेला पदर ओढून काढला आणि कात्रीने त्याला रुपयाएवढी भोकं पाडू लागली.

"हे घाला ट्यूबीच्या जागी. अन् वरचा पत्रा पातळ घ्या. भोकातून टेकन तो."

रुपरावने तिच्याकडे बघितलं, मग गोधडीकडे. "अवं, हे माह्या ध्यानात काहून नाही आलं?"

दोघांनी मिळून सगळं पुन्हा मांडलं. जयाला खाली ठेवलं. तिने एक हात पुढे टाकला आणि चुलीजवळ दिवा लखकन पेटला! सुभद्रा धावत या खोलीत आली, पुन्हा त्या खोलीत गेली. जया हलली की दिवा, सतरंजीवरून उतरली की अंधार. "लागला! लागला!" ती इतक्या जोरात ओरडली की जिजाबाई कणकेच्या हातांनी धावत आली.

रुखमाबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी नऊवारीचा ओचा खोचला, सुनेला चुलीपुढे बसवलं आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत निघाल्या. अर्ध्यात नाही पोचल्या तोच सुभद्रा दारात उभी. "आत्याबाई, तुम्ही कुठे चालल्या वो?" सासू तिथेच बसकण मारून पदर तोंडाला लावून हसली. "चोरी करता येत नाही या घरात!" तरी पिशवी काही सुटली नाही. "आखीन दोन दिवस पाहातो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रुपराव कामावर गेला, सासूबाई अंगणात तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसल्या. सुभद्रा भाजी चिरत होती. दिवा लागला. विझला. पुन्हा लागला, विझला. असा तो कधी फडफडला नव्हता. तार सुटली असेल, म्हणून ती उठली.

जया पेटीला धरून उभी होती. एक पाऊल उचलायची, सतरंजीवर आपटायची, पुन्हा उचलायची. आईला बघून तिने पेटी सोडली.

धावावं की थांबावं? सुभद्रा जागच्या जागी खाली बसली आणि दोन्ही हात पसरले. जया डुलली, एक पाऊल, मग दुसरं, मग धपकन आईच्या अंगावर!

"आत्याबाई! या वो, लवकर या! चालली पोरगी!"

डाळीचं सूप तसंच टाकून रुखमाबाई आत आल्या. जयाला पुन्हा उभं केलं, पुन्हा चालवलं, आजीकडून आईकडे, आईकडून आजीकडे. सुभद्राला लेकीचं खिदळणं ऐकू येत नव्हतं, पण सासूचं तोंड बघून ती पोट धरून हसत होती.

संध्याकाळी रुपरावने सायकल भिंतीला टेकवली न टेकवली तोच दोघी एकदम बोलायला लागल्या. त्याला काही समजेना. शेवटी रुखमाबाईंनी सुनेच्या समोर येऊन, तिला ओठ नीट दिसतील असं सावकाश सांगितलं, "उद्या मी एकटीच जातो वं. मले गावात सगळ्यायले सांगाचं हाये."