पाठीवरचे सात चिरे

“अंगावर कुठं जखम? एवढ्यात रक्त गेलं का? नीट आठवून सांगा,” राजुऱ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. माझे घरवाले, पिंजारी बशीरमियाँ, खाटेवर उताणे पडले होते, सदरा घामानं चिंब.

माझी सून कहकशाँ माझ्याकडे पाहू लागली. तोंड मात्र उघडलं नाही. सकाळी तीच म्हणाली होती, “अम्मी, अब्बाच्या छातीत दुखून राह्यलं. ऑटो बोलावू?” मी झापलं होतं, “तुले काय समजते? वात हाय तो.”

चाळीस वर्षं मी तुंबड्या लावते. वस्तऱ्यानं बारीक चिरा द्यायचा, पेल्यात कापूस पेटवून पेला वर दाबायचा, खराब रक्त ओढून घ्यायचं. अर्ध्या राजुऱ्याच्या पाठी माझ्या हाताखालून गेल्या. मग घरचा माणूस बाहेर कशाला न्यायचा? सात पेले लावले. रक्त निघालं, दुखणं निघालं नाही. त्यात दोन तास गेले.

“हृदयाच्या नळीत गुठळी अडकली आहे,” डॉक्टर सांगत होते. “नागपूरला तार घालून, फुग्यानं नळी उघडतात. ते जास्त चांगलं. पण रस्ता चार तासांचा, आणि तोवर हृदय मरत जाईल. इथं इंजेक्शनानं गुठळी विरघळवता येते. मात्र त्यानं कुठलंही रक्त लवकर थांबत नाही. म्हणून विचारतो.”

मी खोटं बोलले असते, तरी सुनेनं मला उघडं पाडलं नसतं. तेच जास्त लागलं.

“कुशीवर करा त्यांना,” मी म्हटलं. “मीच चिरलं. आज सकाळी.”

डॉक्टरांनी सदरा वर करून एकेक चिरा तपासला. “वरवरचे आहेत. दाबून धरता येतील. धोका आहेच. बोला, इथं की नागपूर?”

“इथीच द्या. मी दाबते.”

“बराच वेळ दाबावं लागेल, बाई.”

“मले शिकवता? तुमच्या जन्माआधीपासून रक्त पाहून राह्यली मी.”

औषध चढू लागलं तसे चिरे पुन्हा ओले झाले. कापडाच्या घड्या लाल होऊ लागल्या. जागा सात, हात दोन. कहकशाँनं न विचारता बांगड्या वर सरकवल्या आणि खालचे तीन चिरे दाबून धरले.

बशीरमियाँ कण्हले, “खैरुन, सकाळी काढलं ते आता परत भरून राह्यली का?”

“चूप पडा.”

तासाभरानं औषधाची बाटली संपली. पुढं मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी पाहून डॉक्टर म्हणाले, “नळी उघडलेली दिसते. पण हृदयाचा एक भाग गेला. कापूस पिंजायचं काम आता बंद. दोन तास आधी आणलं असतं तर...” पुढचं त्यांनी गिळलं.

मी गिळलं नाही. सुनेला म्हटलं, “तू सांगतलं होतं.”

नर्सनं चिऱ्यांवर घट्ट पट्टी बांधली, आम्हाला हात काढायला सांगितलं. माझी बोटं वळून बसली होती, उघडेनात. कहकशाँनं माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सरळ करत बसली.