बरोबरची खूण

आमच्या ऑफिसातलं यंत्र अखंड इंटरनेट वाचतं आणि वाचून वाचून शिकतं. एखादी गोष्ट दोन पानांवर सापडली की ती माझ्यासमोर टाकतं, आणि मी खूण करते: बरोबर किंवा चूक. बरोबर ठरलेलं लोकांना फोनवर दिसतं. तासाला दोनशे गोष्टी. काका मला मास्तरीणबाई म्हणतात.

काका शिलाई मशीन दुरुस्त करतात. आईबाबांनंतर त्यांनीच मला वाढवलं. त्यांच्या दुकानात, तेलाच्या वासात मी बाराखडी गिरवली.

मागच्या वर्षी काकूचं ऑपरेशन झालं तेव्हा दुकान तीन आठवडे बंद होतं. कुणीतरी 'बंद' असं इंटरनेटवर कुठेतरी लिहिलं, दुसऱ्याने उतरवून घेतलं, आणि माझ्यासमोर ओळ आली: 'हे दुकान कायमचं बंद झालं आहे.' खाली आमचाच पत्ता. नियमाप्रमाणे फोन करून विचारायचं असतं. पण मी घरची! काका रोज जेवताना म्हणायचेच, "बस झालं, आता टाळं ठोकतो." मी खूण केली, बरोबर. म्हाताऱ्याचा त्रागा मी पुरावा धरला, एवढी मी शहाणी.

काकू बरी झाली, दुकान उघडलं. गिऱ्हाईक मात्र फिरकेना.

"माझा हात गेला गं," काका म्हणायचे. "कुणाचा तरी टाका बिघडवला असणार मी." मग जुन्या दुरुस्त्या आठवत बसायचे.

एके दिवशी शेजारची शिंपीण जिन्यात भेटली. "काकांनी दुकान कायमचं बंद केलं ना? फोनवर वाचलं. फार वाईट वाटलं."

ऑफिसात जाऊन आधी खूण खोडली. चार दिवसांत ओळ पुन्हा हजर. माझ्या खुणेवर विसंबून चाळीस पानांनी ती उतरवली होती, आणि आमचं यंत्र आता तीच पानं वाचून शिकत होतं. मी खोडायची, ते पुन्हा शिकायचं. साहेबांना सांगावं तर फोन न केल्याचं कबूल करावं लागणार. मी नुसती खोडत राहिले.

काकांना सांगायला तीनदा दुकानात गेले. तीनदा चहा पिऊन परतले. भित्री मी, दुसरं काय!

तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "तुझं यंत्र सगळं वाचतं ना, मास्तरीणबाई? विचार की त्याला, माझं कुठे चुकलं ते."

मी कप विसळून ठेवला आणि निघाले.

रविवारी त्यांनी बॉबिनचे डबे रिकामे केले, पेचकस पुसून फडक्यात बांधले आणि खरंच टाळं ठोकलं. "मानानं उठलेलं बरं," म्हणाले.

सोमवारी ओळ पुन्हा माझ्यासमोर आली. या वेळी मी नियमाप्रमाणे फोन केला.

"हो, बंद केलं. कायमचं," काका म्हणाले. "का गं?"

"काही नाही, कामाचं होतं," मी म्हणाले, आणि खूण केली. बरोबर.