पाकिटावरची बाई

जी बाई जन्मालाच आली नाही, तिच्यापायी एखाद्याचा संसार मोडायला यावा का? तळवलीच्या जयदेवचा आला.

पावण्याच्या एमआयडीसीत त्याचा एक गाळा. आत मसाला कुटायचे दोन डंक, एक भलीमोठी कढई आणि दिवसभर शिंका. तिथे आगरी मसाला व्हायचा. भाजायला, कुटायला माणसं होती, पण मिसळणारा हात एकच, त्याच्या बायकोचा, बायजाचा. धने किती, हिंग किती, हे ती तळहातावर घेऊन ठरवायची. वजनकाट्यावर तिचा विश्वास नव्हता. वास तर असा, की वारा फिरला तर खाडीपलीकडे ठाण्यातल्या बाया घाईघाईने भात टाकायच्या.

आजवर हा मसाला साध्या पिशवीतून जायचा. यंदा पोराने, हितेशने हट्ट धरला. “बाबा, ब्रँडिंग पायजे. पाकिटावर चेहरा पायजे.” फोटोग्राफर नको, मॉडेल नको. त्याने कंप्युटरला सांगितलं, आगरी बाई, हिरवं लुगडं, हसरं तोंड. कंप्युटरने अशी बाई काढून दिली, की छापखान्याचं मशीन तिला छापताना म्हणे दोनदा बंद पडलं. पाकिटांचे ढीग गाळ्यात आले. बाईच्या फोटोखाली ठसठशीत अक्षरं होती: ‘आमच्या घरच्या हातची चव’.

बायजाने पाकीट उचललं. वाचलं.

“ही कोन वो?”

“कोनच नाय,” जयदेव म्हणाला.

“कोनच नाय? हितं तर घरची हाय म्हनून लिवलाय.”

“अगं, कंप्युटरनी बनवलीय.”

“बनवली? नि हिची आय कोन मंग?”

बायजा पाकीट उजेडाला नेऊन बघत होती. “गल्यात मंगलसूत्र नाय. म्हंजे मोकली हाय. नथ उजव्या नाकात. आपल्याकरं कोन घालतं उजवीकरं? परगावची हाय.”

राग चढला की तिचं ‘तुमी’ गळून पडायचं. “आयक. हिला आन, माज्यासमोर उभी कर. त्याबिगर मी कढईला हात लावनार नाय.”

असं म्हणून ती रिक्षा पकडून घरी गेली ती गेलीच.

ऐन लग्नांतल्या हळदींचा हंगाम. गावोगाव मांडव पडलेले आणि जयदेवचा मसाला ठरलेला. शेवटी त्याने स्वतःच मिसळून एक घाणा पाठवला. घणसोलीच्या हळदीत पाहुण्यांनी मटणाबरोबर लोणचं मागितलं. आगऱ्याच्या हळदीत याहून मोठी बेअब्रू नाही. यजमान दुसऱ्या दिवशी गाळ्यावर आला, उरलेलं पाकीट टेबलावर ठेवून गेला.

असलेली बाई माणूस लपवू तरी शकतो. नसलेली आणून दाखवायची कशी? जयदेव पोरावर खेकसला, “तूच केलंस, तूच निस्तर.”

हितेश लॅपटॉप घेऊन आईसमोर बसला. “आये, बघ. तुज्या डोल्यासमोर बनवतो, म्हंजे पटेल.” बटण दाबलं. पडद्यावर चार बायका आल्या. चौघीही हिरव्या लुगड्यात, चौघीही हसऱ्या.

बायजाने बोट लावून मोजल्या. “पयली धरून पाच झाल्या,” ती म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तोवर पाकीट उरणपर्यंत पोचलं होतं. तिकडून एकाचा फोन. “जयदेवशेट, पोरगी कुनाची? आमचा पोरगा पोर्टात कामाला चिटकलाय, निर्व्यसनी हाय.” जयदेवने फोन ठेवला, तर दारात मेहुणा. हा अंकुश, बायजाचा धाकटा भाऊ, न्हावा शेव्याला कंटेनर ओढतो आणि रस्त्यावर दिसलेलं दामदुपटीने घरी आणतो.

“दाजी, मी हिला वलखतो,” अंकुश पाकीट नाचवत म्हणाला. “जासईच्या नाक्यावर चाय पीत व्हती. माज्याकरं बघून हसली पन.”

“अरे गाढवा, ती जगातच नाय!”

“अरारा. कवा गेली?”

जयदेवने कपाळावर हात मारून घेतला. त्या हाताचा अर्थ अंकुशने आपल्या परीने लावला आणि संध्याकाळच्या आत तळवलीत बातमी फिरली. दोन म्हाताऱ्या बायजाकडे येऊन डोळे पुसून गेल्या. “जाऊ दे गं बाय, सुटलीस तू,” असंही वर म्हणाल्या. आता बायजाने जेवणही दिराच्या घरी सुरू केलं.

जयदेवने पांढरे स्टिकर आणले आणि गाळ्यातल्या माणसांना बसवून एकेका पाकिटावर बाईचं तोंड झाकलं. मान मोडली, बोटं चिकटली, पण झाकलं. चार दिवसांनी वाशीचा दुकानदार रणजीत फोनवर ओरडायला लागला. “शेट, ये क्या लगाया? गिऱ्हाईक दुकानातच नखाने खरवडतंय. बाई बघतंय, पाकीट परत ठेवतंय. मसाला कोन घेनार, तुमी?”

गावात म्हणायला लागले, तोंड झाकलं म्हणजे ओळखीचीच कोणीतरी असणार.

मग मात्र जयदेव दिराच्या, म्हणजे आपल्याच भावाच्या घरी धडकला. खरवडलेलं पाकीट बायजासमोर आपटलं. “सगली जालून टाकतो! नवी छापतो. तुजा फोटू लावतो, बास?”

“माजा? म्हंजे आता मी जासईच्या नाक्यावर हसू?”

“मंग काय करू? तूच सांग!”

“तुजा लाव. येते मी मंग.”

दुसऱ्या दिवशी बायजा गाळ्यावर आली, पदर खोचला, कढई तापवली आणि आधी मिरच्याच टाकल्या. कढईशेजारी जयदेवला उभा केला. हितेशने मोबाईल धरला.

“बाबा, हस ना जरा.”

जयदेव हसायला गेला आणि धूर थेट घशात. खोकला, ठसका, नाक लाल, डोळ्यांतून धारा.

“दुसरा काढ,” तो कसाबसा म्हणाला.

“हाच ऱ्हाऊ दे,” बायजा कढईतून मान वर न काढता म्हणाली. “छापायला घाल.”

तिच्या हातचा पहिला घाणा उतरला, तेव्हा शेजारच्या रंगाच्या कारखान्यातली माणसं जेवणाचे डबे उघडे घेऊन गाळ्याच्या दाराशी उभी राहिली. मसाला पुन्हा मांडवांत गेला, लोणचं कुणी मागितलं नाही. नवं पाकीटही गेलं. त्यावर लाल नाकाचा जयदेव, गालांवर आसवांच्या धारा.

तळवलीच्या नाक्यावर बचत गटाच्या शर्मिलाने ते पाकीट हातात धरून चार बायकांना दाखवलं. “बघा गं. ती गेली ना, तिच्यापायी रडतोय. एवरा जीव व्हता. पाकिटावर पन लपवता नाय आला बिचाऱ्याला.”

मागे दूध घ्यायला जयदेव उभा होता. पिशवी तिथेच टाकून तो तडक गाळ्यावर गेला.

“मिरचीच्या धुरानी पानी आलं मला! तू समोर व्हतीस. जाऊन सांग त्यांना!”

बायजाने तळहातावरचे धने जरा वर-खाली झुलवले, थोडे परत पोत्यात टाकले.

“सांगीन की,” ती म्हणाली. “एवरा हंगाम जाऊ दे.”